हितली आणि तितली

आक्का आता वाकडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथं त्यांना तास कधी संपवायचा तेच कळत नाही.

पुण्याजवळ भुकूमला होत्या तोवर हा प्रश्न नव्हता. संध्याकाळी त्या मोटारीचं बटण दाबायच्या आणि फोनसमोर बसून म्हणायच्या, "हां, बोला." तो तासाचा आरंभ. गच्चीवरची टाकी भरत आली की पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलतो. तो आवाज आक्कांना स्वयंपाकघरात बसून ऐकू यायचा. आवाज बदलला की मोटार बंद, तास बंद. पलीकडं कुणी अर्ध्या वाक्यात असलं तरी ते वाक्य तिथंच राहायचं. "ऱ्हायलेलं उद्या बोल," आक्का सांगायच्या, "आन् समद्यांनी लाइटी बंद करा." पडद्यावरच्या चौकटीतले लोक आपापल्या घरातले दिवे खरंच बंद करायचे. भुवनेश्वरला बसलेला माणूससुद्धा उठून दिवा बंद करायचा. मी बघितलंय.

आक्का ऑनलाइन मराठी शिकवायच्या. असं लिहिलं की कुणाला वाटेल, निवृत्त शिक्षिका असणार. नव्हत्या. खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाई होत्या. शाळा सातवीपर्यंत. घरामागं तीन मजले बांधलेले, त्यात हिंजवडीला कामाला जाणारी परप्रांतातली पोरंपोरी. त्यांना कचरा कुठं टाकायचा, पाणी किती वाजता येतं, गाडी दारात का लावायची नाही, हे सांगता सांगता आक्का थकल्या आणि एक दिवस सगळ्यांना अंगणात बसवून म्हणाल्या, मला तुमची शिकायची म्हनली तर सा भाषा शिकायला लागतील, तुमाला एकच शिकायचीया, तवा तुमीच शिका. हिशेब बिनतोड होता. पुढं टाळेबंदीत भाडेकरू गावोगाव पांगले, आणि घरी बसून कंटाळलेल्या त्या पोरांनी फोन करून सांगितलं, आक्का, तो तास सुरू ठेवा. अशा रीतीनं धंदा ऑनलाइन झाला. कुठली योजना नाही, काही नाही.

त्यातली तेलुगू बोलणारी पोरं त्यांना पहिल्या दिवसापासून आक्का म्हणत. त्यांच्याकडं थोरल्या बहिणीला तोच शब्द. आपला शब्द इथं कसा पोचला याचं त्यांना नवल, आणि आपला शब्द त्यांनी कसा पळवला याचा आक्कांना संशय.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणूस ज्या गावचा, ते त्याचं नाव. "विजयवाडा, तू बोल. भुवनेश्वर, हसू नगं." फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा, त्यामुळं शिकणाऱ्यांना आक्कांचं अर्धं कपाळ आणि बाकी छताचा पंखा दिसायचा. विद्यार्थी हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. फी भरून नवीन माणूस आला की म्हणायच्या, "नवा भाडेकरू आलाय." तो कोलकात्यात बसलेला असला तरी भाडेकरूच. दारावर पत्र्याची पाटी होती. रंगानं स्वतः लिहिलेली: रूम मिळेल. मराठी शिकवली जाईल. दोन्ही नको असेल तर बेल वाजवू नये.

मुळाक्षरं शिकवणं त्यांना मान्य नव्हतं. पहिला धडा भांडणाचा. "किरपया आन् धन्यवाद मागनं बघू. आधी भांडता आलं पायजे. भांडताना मानूस इचार करत न्हाई, तवा जे तोंडातनं येतं ती भाषा." त्यांचा गृहपाठही तसाच. भाजीवालीकडं जाऊन, ती फुकट देत असलेली कोथिंबीर नको म्हणून दाखवा. पौडच्या एसटी स्टँडवर जाऊन गाडी कधी येणार ते विचारा आणि सरळ उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका. हा दुसरा गृहपाठ मला, इथं जन्मलेल्या बाईला, आजवर जमलेला नाही.

माझं आणि त्यांचं जमलं ते एका पत्रकावरून.

मी पत्रकं लिहिते. नळाच्या पाण्याची, रस्त्याची, दाखल्यांची. आमच्या वस्तीतला नळ उन्हाळाभर कोरडा होता आणि समोरच्या नव्या सोसायटीत टँकरवर टँकर रिकामे होत होते. मी सह्या गोळा करत दारोदार फिरत होते. पत्रकाचा मथळा होता, 'कृत्रिम जलसंकटाचा बीमोड करा'. आक्कांनी ते ओट्यावर उभ्या राहून वाचलं.

"हे जलसंकट म्हंजी काय ग?"

"पाणी नाही, आक्का."

"मग नळाला पानी न्हाई असं लिव की. माज्या बापाला कळलं आसतं असं लिव. सई कुटं करायची?"

सही केली आणि म्हणाल्या, आत ये, तुज्या फोनवर ते पत्रक सगळ्या भाडेकरूंना धाडू, नेटवर्क आतल्या खोलीतच येतंय.

आता एक गोष्ट लिहिते. ती गाळली तर हे लिखाण खोटं होईल. आम्ही बौद्ध. या घराच्या अंगणाच्या पुढं माझी आई कधी गेली नव्हती. मी थेट स्वयंपाकघरात गेले ते नेटवर्कमुळं. आणि आक्कांच्या तीन मजल्यांत तेव्हा सहा राज्यांचे लोक राहत होते, आमच्यातलं एकही नव्हतं. खोली मागायला आलेल्या इथल्या माणसाला त्या आडनाव विचारायच्या. परराज्यातल्याला विचारून काही उपयोगच नव्हता, त्या आडनावांतून आक्कांना काही कळायचं नाही, म्हणून त्या पोरांना खोली मिळायची. हे मी त्यांना तोंडावर बोलले होते, चहा पिता पिता. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "तू बोललीस ते रातभर डोक्यात ऱ्हायलं." बस. पुढं वर्षभरानं तिसऱ्या मजल्यावरची खोली माझ्या मैत्रिणीला मिळाली. आडनाव विचारलं नाही असं ती सांगते. मी तिथं नव्हते, तेव्हा शपथेवर सांगणार नाही.

तर, नेटवर्क. मी त्या स्वयंपाकघरात जाऊ लागले आणि आक्कांनी मला नाव दिलं, पत्रक. "पत्रक, माज्या क्लासाचं बी एक पत्रक लिव की." भाडेकरू कमी होत होते. टाळेबंदी उठली, पोरं कामाला लागली, कुणी लग्न करून गेलं, कुणाची बदली झाली. तासाला पाच-सहा चौकटी उरल्या होत्या. आक्कांना फीचं फार नव्हतं, खोल्यांवर त्यांचं भागत होतं. पण नवरा गेल्यानंतर त्या घरात संध्याकाळी मोटारीखेरीज दुसरा आवाज नव्हता, आणि त्यांचं बोलणं कान देऊन ऐकणारे लोक म्हणजे तेच पाच-सहा. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. मला दिसत होतं.

त्यांच्या मुलानं वाकडहून एक लिंक पाठवली. 'आत्मविश्वासानं वाढवा तुमचा ऑनलाइन क्लास', रविवारी सकाळी, फुकट. आम्ही दोघी तांदळाच्या डब्यासमोर बसलो. पडद्यावर कोट घातलेला एक गृहस्थ आला आणि म्हणाला, फ्रेंड्स, आधी स्वतःला एक्स्पर्ट म्हणायला शिका, मग जग म्हणेल. असल्या माणसांची मला चीड आहे. मी उठणार होते. आक्कांनी मला दंडाला धरून बसवलं आणि फोनकडं वाकल्या.

"आवो साहेब, तुमच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या."

"मॅम, प्लीज म्यूट करा."

"मी करते म्यूट. तुमी ग्यास बंद करा."

शेकडो लोक ऐकत होते. गृहस्थ खरंच उठून गेला. परत आल्यावर म्हणाला, तुम्हाला स्वतःला विकता आलं पाहिजे. आक्का पुन्हा सुरू: "इकायचं न्हाई. मी भाड्यानं देनारी बाई हाय. आमच्या आळीत समदे इकून मोकळे झाले, मी एक गुंठा इकला न्हाई. भाड्यानं दिलं की वस्तू आपली ऱ्हाती, आन् वापरनारा बी खूश." त्यानंतर आमचा आवाज त्यांच्याच बाजूनं बंद करण्यात आला.

पण शेवटी त्यानं एक काम दिलं: तुमच्या क्लासचं वेगळेपण एका शब्दात लिहा, तो शब्द जाहिरातीवर सगळ्यात मोठा टाका. आक्का भाजी निवडायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "तू लिव. तुला शब्द येत्यात."

मी लिहिलं, 'शुद्ध'.

शुद्ध मराठी शिका, घरबसल्या, आत्मविश्वासानं. खाली आक्कांचा पदर डोक्यावर घेतलेला फोटो. दोन दिवसांत जाहिरात सगळीकडं फिरली.

मी हा शब्द का लिहिला, याचं उत्तर द्यायला मला नंतर फार वेळ लागला. शुद्ध हा शब्द कुणी कुणाला बाहेर ठेवायला वापरला, यावर मी आमच्या विहारात अर्धा तास कागदाशिवाय बोलू शकते. बोललेही आहे. पण पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी पाण्याच्या प्रश्नावर उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात 'पानी' म्हणाले, तेव्हा पुढची रांग हसली. वाईट नव्हतं ते हसणं, गोड हसले. तेच जास्त लागलं. पुढचं वर्षभर मी आरशासमोर ण म्हणत होते. पाणी, कोण, म्हणून. हाय काढून आहे लावलं, न्हाई काढून नाही. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तू पावन्यासारखी बोलाया लागलीस." मला ती शाबासकी वाटली होती.

शब्द माझ्या हातातच तयार होता, इतकंच.

आणि तो खपला. चौकटी एका पडद्यावर मावेनात. आक्कांनी प्रत्येकाला गाव विचारून घेतलं, आणि नेहमीसारखं भांडणापासून सुरू केलं. व्हय. न्हाई. हाय. लई. कुटं. हितं. लोक वहीत उतरवून घेत होते, शुद्ध म्हणून. आक्कांनी जाहिरात बघितली होती, पण त्यांना वाटलं होतं, पाण्याच्या बाटलीवर असतं तसंच हे, काहीतरी लिहावंच लागतं.

त्या नव्या लोकांत कानपूरची एक मुलगी होती. हिंजवडीत नोकरी, कासारसाईच्या रस्त्याला भाड्यानं राहायची. पुण्यातल्या पेठेतल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. त्याच्या घरचे तिच्याशी हिंदी बोलायला तयार होते, पण तिला साखरपुड्याला मराठीच बोलायचं होतं. तीन महिने तिनं एक तास चुकवला नाही. कोथिंबिरीचा गृहपाठ तिनं दोनदा केला. आक्का इतरांना तिचं उदाहरण द्यायच्या: "कानपूर बघा. भांडती कशी. वाटतंय का परकी?"

साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आक्कांकडं गेले होते. तास सुरू झाला, आणि कानपूरनं बोलायच्या आधी ग्रुपवर एक ओळ टाकली. आक्कांना हिंदी वाचायचा कंटाळा, म्हणून मी वाचून दाखवली.

"आक्का, पोस्टर पे तो शुद्ध लिखा था."

मग तिनं सांगितलं. ती नटूनथटून पाहुण्यांना शिरा वाढत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, "घ्या की, लई ग्वाड झालाय. तुमी बसा, मी आनते." पाहुणे खूश होऊन हसत होते. तेव्हा होणाऱ्या नवऱ्याच्या आत्यानं मोठ्यानं विचारलं, "अगं, ही मराठी शिकलीस कुठे? भांडी घासायला येते तिच्याकडे?" सगळे हसले. कानपूरही हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं अर्थ सांगितला.

"मी हसली, आक्का," ती म्हणाली. "सबके साथ मी पण हसली."

हळूहळू बाकीचेही बोलायला लागले. ऑफिसात कुणी म्हणालं, गाववाले लगते हो. बँकेत कुणी म्हणालं, ऐसे नहीं बोलते. आठवड्यात निम्म्या चौकटी गेल्या. जाहिरातीखाली एकानं लिहिलं: शुद्धच्या नावाखाली चुकीची मराठी. शुद्ध फसवणूक. फसवणूक हा शब्द मी दर आठवड्याला कुणाविरुद्ध तरी वापरते. माझ्याविरुद्ध तो कुणी पहिल्यांदा वापरला होता, आणि बरोबर वापरला होता.

त्या संध्याकाळी मी गल्लीत वळले तर आक्कांच्या भिंतीवरून पाणी वाहत होतं. टाकी भरून गच्चीवरून, जिन्यावरून, अंगणातून रस्त्यावर. या बाईनं इतक्या वर्षांत एक तांब्या सांडू दिला नव्हता. मी धावत जाऊन मोटार बंद केली. आक्का डब्यासमोर बसल्या होत्या. फोन पालथा.

"शुद्ध कुनी लिवलं?"

"मी."

"म्हंजी माजं अशुद्ध हाय?"

"नाही, आक्का."

"मग शुद्ध कुनाचं?"

मी पालथा फोन सरळ करून ठेवला.

"साठ वर्सं बोलतीया," आक्का म्हणाल्या. "मालकांशी ह्यात बोलली, गुरांशी ह्यात बोलली, पोराला ह्यात वाढवला. मला ठावंच नव्हतं की चुकतंया. कुनी सांगिटलंच न्हाई." मग थोड्या वेळानं, "पोरगा वाकडला त्याच्या बायकोशी येगळंच बोलतो. मला वाटायचं, फ्लॅटमधी आवाज घुमतो म्हनून तसं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी क्लास बंद करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पाटीवरची मधली ओळ पुसायला रॉकेलचा बोळा काढून ठेवला होता.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. माझ्या हातून इतकं चांगलं पत्रक आधी झालं नव्हतं. 'शुद्धतेच्या ठेकेदारांनो, चालते व्हा.' भाषा कुणाच्या बापाची नाही, कष्टकऱ्यांच्या जिभेवर ती जगली, पेठांनी तिला काचेच्या कपाटात कोंडलं, असं सगळं. सकाळी जाऊन आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "खरं बी हाय. आता मला सांग, हे वाचून कानपूर सासूसंगं कशी बोलंल?"

मी पत्रक पुन्हा वरून वाचायला लागले.

"तू त्या आत्याबाईला हाकललंस. पर पोरीला तर तिच्याच घरात नांदायचंय न्हवं? आन् ह्यात मी कुटं हाय ग? पैल्या कागदावर मी शुद्ध हुते, ह्या कागदावर मी कष्टकरी हाय. दोन्ही बारीला तू मला न ईचारता लिवलंस."

पत्रकांचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा ऐकावं असं मला वाटतं. आम्ही लोकांसाठी लिहितो आणि लोकांना विचारायचं राहून जातं. तेव्हा मात्र मला फक्त राग आला होता, स्वतःचा की त्यांचा तेही कळत नव्हतं. मी ते पत्रक फाडलं नाही. घडी घालून पिशवीत ठेवलं.

आक्कांनी रॉकेलचा बोळा उचलला, बाहेर गेल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या. आणि तसाच बोळा घेऊन परत आल्या.

"तुला येती ना ती? कालेजातली?"

"कोणती?"

"तितली."

संध्याकाळी मोटार सुरू झाली. नऊ चौकटी होत्या. कानपूर होती, पण कॅमेरा बंद ठेवून. आक्का नेहमीसारखं 'हां, बोला' म्हणाल्या नाहीत. स्वतःच बोलल्या.

"ऐका. मी जी शिकवते ती हितली. भुकमापासनं पौडापत्तूर, आन् त्याच्या म्होरं बी धरनापत्तूर चालती. हितं तिला कोन हसत न्हाई. पर पुन्यात, हापिसात, सासूच्या हालमधी तितली लागती. ती मला येत न्हाई. येत न्हाई ते मी शिकवत न्हाई. कागदावर शुद्ध लिवलं ते चुकलं. लिवनारी हितं बसलीया. आजपासनं ती तितली शिकवंल."

आणि फोन माझ्याकडं वळवला. माझं अर्धं कपाळ आणि पंखा.

तेव्हापासून प्रत्येक वाक्य दोनदा व्हायला लागलं. आक्का म्हणायच्या, "कुटं चाललास?" मी म्हणायचे, "कुठे चाललास?" त्या म्हणायच्या, "मला न्हाई ठावं." मी, "मला माहीत नाही." लोकांनी वहीत मधोमध रेघ मारली. आक्का शेरे मारायच्या: "तुज्या वाक्याला इस्त्री लई हाय. जरा चुरगाळ की." कधी मी अडायचे. आक्कांचं वाक्य ऐकलं की मला आधी आईचा आवाज ऐकू यायचा, आणि त्याचं आहे-नाही करून सांगायला जीभ तयार व्हायची नाही. आक्कांच्या ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाल्या, "आज आलटूनपालटून. तू हितलं सांग, मी तितलं सांगते." त्यांच्या तोंडून 'पाणी' ऐकून भुवनेश्वर हसत सुटला. माझ्या तोंडून 'पानी' ऐकून कुणीही हसलं नाही. नेहमीचा तास, नेहमीची वाक्यं. मला मात्र उठून तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

मग जाहिरातीची गोष्ट. या वेळी मजकूर आक्कांनी सांगितला आणि मी उतरवून घेतला, एक शब्द इकडचा तिकडं न करता: आक्का हितली शिकवतात. पत्रक तितली शिकवते. दोन्ही लागतात. पौडला फ्लेक्स करणारे एक दादा आहेत, मूळचे गोरखपूरकडचे. त्यांना मी मजकूर फोनवर सांगितला. फ्लेक्स आला तेव्हा त्यावर अक्षरांच्या वर पसरलेलं भलंमोठं नारिंगी फुलपाखरू होतं.

आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "हे पाकरू कशापायी?"

"तितली बोला ना आपने," दादा म्हणाले. "फोन पे दो बार पूछा मैंने, तितली? मॅडम बोली, हां, तितली."

हिंदीत तितली म्हणजे फुलपाखरू, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी संतापले. पुन्हा छापून द्या म्हणाले. आणि तेवढ्यात आक्का हसायला लागल्या. टाकी वाहिल्यापासून हसल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या.

"ऱ्हाऊ दे," डोळे पुसत म्हणाल्या. "निदान खोटं तरी न्हाई."

तो फ्लेक्स पौड रस्त्याला लागला आणि लोकांच्या डोळ्यांत बसला. फुलपाखराचा क्लास म्हणून लोक विचारत यायला लागले. दवाखान्यातल्या केरळच्या नर्स आल्या, सोसायटीतल्या सुना आल्या. बँकेत बदलून आलेली कोलकात्याची एक अधिकारी आली. ती पुस्तकातून मराठी शिकली होती, पण खिडकीशी आलेले शेतकरी तिच्याशी हिंदीच बोलायचे. तिला हितली हवी होती. असाही माणूस असतो हे आक्कांना कळलं त्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "म्हंजी ती पैसं भरून माजी शिकनार? माजीच?" पंधरा दिवसांनी एका म्हाताऱ्यानं त्या बाईला 'कवा आलीस ग हितं?' असं विचारलं, तेव्हा ती बँकेतून फोन करून सांगत होती. मी कधीपासून पत्रकं लिहिते आहे, त्यातल्या एकाची ओळ कुणाला आठवत नाही. त्या चुकीच्या फुलपाखराची लोकांना आठवण आहे. याचा मला राग येतो, आणि याचा विचारही करावा लागतो.

कोटवाला गृहस्थ सांगत होता की आत्मविश्वास आधी, क्लास मागून. आक्कांचं उलट झालं. 'मला येत नाही' हे नऊ लोकांसमोर बोलल्या आणि मग त्यांचा आवाज परत आला.

कानपूरचं लग्न झालं त्यानंतरची पाचवी-सहावी संध्याकाळ असेल. ती इतके दिवस येत होती, दोन्ही रकाने लिहून घेत होती, कॅमेरा मात्र उघडत नव्हती. त्या दिवशी उघडला. हातभर मेंदी, मागं नव्या घराची भिंत.

"बोल, कानपूर," आक्का म्हणाल्या. त्यांचा हात बटणाजवळ होता, पण कान तिकडं नव्हता.

लग्नात ती दिवसभर तितली बोलली. एकदाही अडखळली नाही. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. मग आत्याबाई आल्या आणि चार जणींसमोर म्हणाल्या, "आता कशी छान शुद्ध बोलतेस. ते गावठी गेलं एकदाचं."

"मग?" आक्कांनी विचारलं.

"मी बोलली, गेलं न्हाई, आत्या. हाय की. तुम्हाला शिकायचं आसंल तर आमच्या आक्कांकडं जागा हाय."

मला वाटलं, आक्का डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "तुमाला."

"जी?"

"भांडन हितल्यात केलंस न्हवं? मग 'तुमाला' म्हनायचं. 'तुम्हाला' तितलं."

"तुमाला," कानपूर म्हणाली.

"हां. आता बराबर."

वर टाकीचा आवाज बदलला. आक्कांनी बटण दाबलं.

"लाइटी बंद करा," त्या म्हणाल्या, आणि पेठेतल्या त्या घरात मेंदीचा एक हात दिव्याच्या बटणाकडं गेला.